‘चि.’पासून ‘कै.’पर्यंत

मामांच्या प्रथम पुण्यस्मरणाची पत्रिका छापायला दिली होती. कच्ची प्रत व्हॉट्सॲपवर आली. फोटो बरोबर, तिथी बरोबर, जेवणाची वेळ बरोबर. फक्त मामांच्या नावाआधी ‘कै.’ लागलेलं. आम्ही दिलेल्या मजकुरात ते नव्हतं. छापखान्यात फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, “ते नमुन्यातच असतं काका, सगळ्यांना लागतं.” मामीने फोन हातात घेऊन ती प्रत बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “अरे, हे जन्मात कधी देवळाची पायरी चढले नाहीत. आता एकदम कैलासावर? आणि थंडी किती तिथं!” मामांना थंडी सोसायची नाही. डिसेंबरात ते कानटोपी घालून झोपत.

त्या एका अक्षरावरून घरात दोन दिवस वाद झाला. कुणी म्हणे ‘स्व.’ लिहा. भाचीचं मत ‘दिवंगत’, कारण ते तिला देवाधर्माच्या पलीकडचं वाटत होतं. (दिवंगत म्हणजे स्वर्गलोकी गेलेला, हे कळल्यावर ती हिरमुसली.) मी मात्र दुसऱ्याच विचारात पडलो. मरणाबद्दल तत्त्वज्ञ अडीच हजार वर्षं जे भांडत आले, त्यातलं बरंचसं भांडण मराठीने नावाआधीच्या एकदोन अक्षरांत बसवून ठेवलंय. आपण ती अक्षरं न वाचता लिहितो, एवढंच.

मराठी माणूस जन्मतो तो ‘चि.’ म्हणून. लग्नपत्रिकेत ते शेवटचं लागतं, मग ‘श्री.’ येतं आणि मरणानंतर तेही काढून घेतलं जातं. यातलं पहिलंच अक्षर बघा. चिरंजीव म्हणजे दीर्घकाळ जगणारा, आणि परंपरेच्या यादीत तर न मरणारा. वाढदिवसाला पाटावर बसवून ज्या सात चिरंजीवांची नावं घेतली जातात त्यांत मारुती आहे, बिभीषण आहे, बळी, व्यास, कृप, परशुराम आहेत; आणि सगळ्यांत आधी नाव येतं ते अश्वत्थाम्याचं. हाच तो, ज्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला आणि ज्याला कृष्णाने रक्तपू वाहत एकटं भटकण्याचा शाप दिला. महाभारतात ती मुदत तीन हजार वर्षांची आहे. लोकांनी ती कायमची करून टाकली. जखमेवर घालायला तेल मागत तो अजून फिरतोय, अशा गोष्टी सातपुड्याच्या दोन्ही अंगांना सांगतात. औक्षणाच्या तबकासमोर बसलेल्या पाच वर्षांच्या पोराला आपण या माणसासारखं आयुष्य मागतो. आशीर्वाद आणि शाप एकाच शब्दात राहतात हे आपल्या पूर्वजांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

न मरणं चांगलं का, हा प्रश्न बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने एका नाटकाच्या आधाराने विचारला. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२२ सालच्या त्या नाटकाची नायिका एलिना माक्रोपुलोस एका रसायनाच्या जोरावर तीनशेहून अधिक वर्षं जगलेली असते. वय मात्र गोठलेलं. रसायनाचा नवा डोस घ्यायची वेळ येते तेव्हा ती नको म्हणते, कारण तिला कशातच रस उरलेला नसतो. विल्यम्सने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यातून असं काढलं की माणसाला पुढे रेटतात त्या त्याच्या स्वतःच्या, त्याच्या स्वभावाला चिकटलेल्या इच्छा. आयुष्याला शेवटच नसेल तर त्या कधीतरी आटणार. आणि आटल्या नाहीत, दर शंभर वर्षांनी बदलत गेल्या, तर जगत राहिलेला तो माणूस ‘मी’ कसा?

आपल्याकडे नेमकी उलट साक्ष ययातीची आहे. पुरूकडून घेतलेलं तारुण्य त्याने हजार वर्षं भोगलं आणि परत देताना सांगितलं ते इच्छा आटल्याचं नव्हे, तर त्या भोगाने वाढतच जातात, तूप ओतलेल्या आगीसारख्या, हे. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मुळे (१९५९) ही कथा मराठी घराघरांत पोचली. एलिना कंटाळून थांबते, ययाती भूक भागत नाही म्हणून थांबतो. दोघांचा निर्णय एक, कारणं परस्परांना छेद देणारी. मला ययातीचं जास्त पटतं. मामांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बांधावर केशर आंब्याची सहा कलमं लावली. फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात हे त्यांना माहीत होतं, आणि पेटी कितीची घालायची हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. एलिनाला आपण बांधावर कलम लावायला दिलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे.

मग येतो ‘कै.’. हे अक्षर म्हणतं, माणूस संपलेला नाही, त्याचा पत्ता बदललाय. कैलासवासी, वैकुंठवासी, स्वर्गवासी. वारकऱ्याच्या नावाआधी ‘वै.’ लागतं. मराठीला हा साचा इतका आवडला की मुसलमान शेजारी गेला तर वर्तमानपत्राने त्याला ‘पैगंबरवासी’ केलं आणि ख्रिस्ती गेला तर ‘ख्रिस्तवासी’. त्यांच्या धर्मात मरणोत्तर गोष्टींची व्यवस्था वेगळी आहे. मुसलमानांचा स्वतःचा शब्द ‘मरहूम’, म्हणजे ज्यावर दया झाली तो. त्यात राहण्याची जागा नाही. पण मराठीला बिनपत्त्याचा मृत माणूस चालत नाही.

अथेन्सच्या न्यायालयात इसवी सन पूर्व ३९९ मध्ये देहदंडाची शिक्षा ऐकल्यावर सॉक्रेटिसने पत्त्याचा हाच मुद्दा काढला होता. मरण म्हणजे एक तर स्वप्न न पडणारी झोप, नाहीतर दुसरीकडे स्थलांतर; झोप असेल तर उत्तम, आणि स्थलांतर असेल तर जुन्या थोरांना भेटून प्रश्न विचारता येतील, असं तो म्हणाल्याचं प्लेटोने लिहून ठेवलंय. दोहोंपैकी खरं कोणतं, ते त्याने सांगितलं नाही. सत्तर वर्षांच्या माणसाने मरणाच्या दारात ‘कै.’ लिहायचं की नाही हे मोकळं सोडलं, याचं मला कौतुक वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न थेट यमालाच विचारला गेला. कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो, तीन वर मिळवतो, आणि तिसऱ्या वराला म्हणतो, मेलेला माणूस आहे असं काही म्हणतात, नाही असं काही म्हणतात, तू सांग. यम टाळाटाळ करतो. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, शतायुषी मुलं-नातवंडं घे, पण हे विचारू नकोस. मरणाच्या देवाला स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं नाही, हा त्या कथेतला सगळ्यात जिवंत भाग. पोरगं हटत नाही. शेवटी यम उत्तर देतो, आणि त्या उत्तरात पत्ता नाहीच. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, कुठून आला नाही, तो काही झालाही नाही. म्हणजे नचिकेत्याने विचारलं ‘गेलेल्याचं काय’ आणि यम म्हणाला, कुणी गेलंच नाही. कैलासाची वाट या उपनिषदात शोधणाऱ्याच्या हाती फारसं लागणार नाही.

याच वळणावर तुकोबा येतात. स्वतःचं मरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तो सोहळा झाला, अशा अर्थाचा त्यांचा अभंग सर्वांच्या परिचयाचा आहे. फ्रॉइडने १९१५ मध्ये, महायुद्ध पेटलेलं असताना, नेमकं याच्याशी भिडणारं काही लिहिलं: स्वतःचं मरण कुणालाच कल्पिता येत नाही, कल्पू जावं तर आपण प्रेक्षक म्हणून शिल्लकच राहतो. म्हणून मनाच्या तळाशी प्रत्येकजण स्वतःला अमर समजतो. फ्रॉइडला हा उरलेला प्रेक्षक म्हणजे मनाने केलेली फसवणूक वाटला. तुकोबांना त्या प्रेक्षकाचीच ओळख पटली आणि जो मेला तो ‘मी’पणा होता. एकच अनुभव, दोन टोकांचे निवाडे. यात कोण बरोबर हे वाद घालून ठरेल असं मला वाटत नाही. पण फ्रॉइड वाचून तुकोबांचा अभंग पुन्हा काढला तर तो पूर्वीसारखा गुळगुळीत राहत नाही.

नागपूर-अकोल्याकडच्या किंवा मुंबईतल्या बौद्ध वस्तीत गेलात तर फोटोखाली ‘कालकथित’ असं लिहिलेलं दिसेल. पालीत ‘काल करणे’ म्हणजे मरणे; त्याच्याशी नातं सांगणारा हा शब्द. तो मुद्दाम निवडलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही एक प्रतिज्ञा आहे. पिंड नाही, आत्मा नाही, मग कैलास कशाला? ‘कै.’ टाकून ‘कालकथित’ लिहिणं हा निव्वळ शब्दबदल नाही, शेकडो वर्षांच्या एका व्यवस्थेला दिलेलं ते उत्तर आहे. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पुनर्जन्माचा अर्थही असाच बदलून मांडला. शरीरातली महाभूतं त्यांच्या त्यांच्या साठ्यात परत मिसळतात, ऊर्जाही विश्वाच्या ऊर्जेत जाते. पुन्हा जन्मतं ते हे, आत्मा नव्हे.

खुद्द बुद्धाला वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने विचारलं होतं की मुक्त झालेला माणूस मरणानंतर कुठे जन्मतो. बुद्धाने उलट विचारलं: समोरची आग विझली तर ती कोणत्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला? वच्छगोत्त म्हणाला, हा प्रश्नच लागू पडत नाही. गवत-काडी होती तोवर जळत होती, संपली तेव्हा विझली. मला वाटतं, ‘कुठे गेला’ या प्रश्नाला जगात मिळालेलं सगळ्यात नेमकं उत्तर हेच. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. बुद्ध कुशीवर निजलाय, चेहऱ्यावर काही नाही. खाली मात्र शिष्य रांगेने शोक करत बसलेत. विझलेल्या आगीला दिशा नसते हे ज्यांना शिकवलं गेलं होतं, तेही रडतात. शिल्पकाराने ते लपवलं नाही.

आता ‘स्मृतिशेष’. हल्ली हा शब्द खूप दिसतो. देवधर्म न मानणाऱ्यांच्या घरी तर आवर्जून. आठवण तेवढी राहिली, बाकी काही नाही. याच्या मागे आपल्याकडे चार्वाक उभे आहेत. त्यांच्या मते जाणीव म्हणजे किण्वापासून दारूत येणाऱ्या नशेसारखी. जिन्नस एकत्र आले की येते, विखुरले की जाते. (‘पंचत्वात विलीन’ ही छापील ओळ चार्वाकांनी दुरुस्त करायला सांगितली असती, कारण ते आकाश मानत नसत, महाभूतं चारच धरत.) ग्रीसमध्ये हीच बाजू एपिक्युरसने लढवली. चांगलं-वाईट जे काही असतं ते संवेदनेत. मरण म्हणजे संवेदनाच नसणं. मी आहे तोवर मरण नाही आणि मरण आलं की मी नाही. मग भीती कसली? त्याचा रोमन अनुयायी लुक्रेशियस म्हणाला, जन्माआधीच्या अनंत काळात आपण नव्हतो, त्याचं कुणाला दुःख होतं? पुढचा काळही तसाच. ही विचारसरणी रोममध्ये इतकी पसरली की थडग्यांवर तिची आद्याक्षरं कोरू लागले. आधी नव्हतो, मग होतो, आता नाही, त्याचं काही वाटत नाही, एवढ्या अर्थाचं वाक्य सहा-सात अक्षरांत. आणखी कितीतरी थडग्यांवर पितरांना उद्देशून कोरलेली दोन अक्षरं असतात. म्हणजे छापखान्याचा नमुना रोमलाही होता.

एपिक्युरसच्या युक्तिवादात चूक काढणं अवघड आहे, आणि तरी तो ऐकून कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलं नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगलने १९७० मध्ये त्याची अडचण दाखवली. मरण वाईट ते त्रास होतो म्हणून नव्हे, तर जे मिळू शकलं असतं ते हिरावलं जातं म्हणून. हिरावल्याचं कळायलाच हवं असं नाही. पाठीमागे फसवला गेलेला माणूस अज्ञानात सुखी असला तरी त्याचं नुकसान झालेलंच असतं. आणि लुक्रेशियसचा आरसाही सरळ नाही. मामा शिवकाळात जन्मले असते असं म्हणण्याला अर्थ नाही, तो माणूस दुसराच झाला असता. पण मामा अजून तीन वर्षं जगले असते या म्हणण्याला पूर्ण अर्थ आहे. त्या सहा कलमांना यंदा पहिला मोहोर आला.

एपिक्युरसची एक गोष्ट मला त्याच्या सगळ्या युक्तिवादांहून जवळची वाटते. मरण आपल्या लेखी काहीच नाही, असं सांगणाऱ्या या माणसाने मृत्युपत्र केलं, आणि त्यात तरतूद केली की दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सर्वांनी जमून त्याची आणि त्याचा मित्र मेत्रोदोरस याची आठवण जागवावी. शिवाय वाढदिवस साजरा करावा तो वेगळाच. सिसेरोने पुढे यावरून त्याची टर उडवली. मी उडवणार नाही. स्मृतिशेष व्हायचं तर कुणाच्या तरी स्मृतीची सोय करावी लागते. ती फार लांबवर पुरतही नाही. श्राद्धात पिंड तिघांनाच: वडील, आजोबा, पणजोबा, वसु, रुद्र, आदित्य. त्यापलीकडचे नाव गमावून एकूण पितरांत जमा होतात. पणजोबांच्या वडिलांचं नाव चटकन सांगता येतंय का, बघा.

या सगळ्या अक्षरांची गंमत मला सौ. आणि गं. भा. पर्यंत येऊन संपल्यासारखी वाटली. नवरा मरतो आणि बायकोचं अक्षर बदलतं. ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ किंवा ‘श्रीमती’ येतं. बायको मेली तर नवरा आधी ‘श्री.’ असतो, नंतरही ‘श्री.’. मेलेल्याच्या नावापुढे काय लिहायचं यावर उपनिषदांपासून नेगलपर्यंत सगळे बोलले. जिवंत राहिलेलीच्या नावापुढे काय लिहायचं यावर त्यांच्यापैकी कुणी बोलल्याचं मला आढळलं नाही. त्यावर बोलली कोल्हापूर जिल्ह्यातली, शिरोळ तालुक्यातली हेरवाड ग्रामपंचायत. मे २०२२ मध्ये तिने कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. मरणाच्या तत्त्वज्ञानावरचा एखादा चांगला संग्रह काढायचा झाला तर हा ठराव मी त्यात घेईन.

आमच्या पत्रिकेचा निकाल मामीनेच लावला. तिने कैलास, स्वर्ग, स्मृती सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुकोबांच्या नावाआधी कुणी कै. लिहितं का? मग ह्यांच्याच का?” खरंच, कुणी लिहीत नाही. पुरेसा काळ गेला की ती अक्षरं आपोआप गळतात आणि नाव तेवढं राहतं. थोरांची लवकर, बाकीच्यांची नावासकट. आम्ही मामांचं नुसतं नाव छापलं, निमंत्रकांत मामीचंही नुसतं नाव. नावाआधी काहीतरी राहिलंय, असं सांगायला छापखान्यातून दोनदा फोन आला.

सरकारदरबारी यातला एकही घोळ नव्हता. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, ती झाली. दाखल्यावर तारीख होती आणि ठिकाण होतं. तलाठ्याकडच्या अर्जात शब्द होता ‘मयत खातेदार’. वारस फेरफार मंजूर झाला तसा नवा सातबारा काढला. मामांच्या नावाला कंस झालाय आणि खाली मामीचं, दोन्ही मुलांचं नाव आलंय. कुणाच्याच नावाआधी कुठलंही अक्षर नाही.